तिरुवनंतपुरम ते दिवे घाट : मान्सूनच्या जरा पुढे, जरा मागे

६ जून २०२३, मंगळवार. तिरुवनंतपुरम

हवामान खात्याने यंदा केरळसाठी ४ जून ही तारीख दिली होती, चार दिवस इकडेतिकडे धरून. त्या हिशेबाने तिकिटं काढली आणि आज दुपारी उतरलो तर ऊन लख्ख. दादा विमानतळाबाहेर पडताच मान वर करून म्हणाला, "अजून नाही." दादाचं उभं आयुष्य बोटीवर गेलं. निवृत्त झाला तरी आधी आकाश बघायचं आणि मग टॅक्सी, ही सवय सुटलेली नाही.

विमानतळाला लागूनच शंखुमुखमचा किनारा आहे. समुद्राने तिथला रस्ता कैक वेळा खाल्लाय, वाळूचा पट्टा अगदी चिंचोळा उरलाय. चार वाजता तिथे बसलो तेव्हा दादाने मला एक गोष्ट दाखवली. वारा समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून, तोंडावर येत होता. पण खूप उंचावरचे पिंजलेले पांढरे ढग बरोबर उलट दिशेने, पूर्वेकडून समुद्राकडे सरकत होते. नारळाच्या एका झावळीची खूण धरून पाच-सात मिनिटं टक लावून बसलं, की त्यांची चाल कळते.

"खाली पश्चिमेचा, वर पूर्वेचा. हे दोन्ही लागतात," दादा म्हणाला.

वरचा वारा म्हणजे उष्णकटिबंधीय पूर्वेचा जेट. जेट म्हणजे खूप उंचावरून सुटलेला वेगवान वाऱ्याचा झोत. जमिनीपासून चौदा-पंधरा किलोमीटरवर तो वाहतो. १९५० च्या दशकात भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी त्याचा अभ्यास करून तो जगापुढे मांडला. एप्रिलपर्यंत त्याचा पत्ता नसतो. उत्तर भारतावर तोवर पश्चिमेचा जेट हिमालयाच्या दक्षिणेने वाहत असतो. मे संपताना तिबेटच्या पठारावरची आणि भोवतालची हवा इतकी तापते, की वरच्या थरांत उत्तर गरम आणि विषुववृत्त त्या मानाने थंड अशी उलटापालट होते. मग पश्चिमेचा जेट हिमालय ओलांडून उत्तरेला सरकतो आणि दक्षिण भारताच्या डोक्यावर पूर्वेचा जेट उभा राहतो. आपल्याला खालून दिसतात ते फक्त त्याने ओढत नेलेले बर्फकणांचे ढग. मी आजवर या ढगांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, कारण ते पाऊस देत नाहीत.

रात्री हॉटेलवर बातमी बघितली. अरबी समुद्राच्या आग्नेय भागातल्या कमी दाबाचं चक्रीवादळ झालंय. नाव बिपरजॉय, बांगलादेशने सुचवलेलं. दादा गप्प झाला.

७ जून, बुधवार. तुंबा आणि विळिंजम

सकाळी तुंब्याचं अंतराळ संग्रहालय. मेरी मॅग्डलिनच्या जुन्या चर्चमध्ये आहे. २१ नोव्हेंबर १९६३ ला इथून पहिलं अग्निबाण उडालं ही गोष्ट शाळेतली पोरंही सांगतात. मला आकर्षण होतं ते अण्णा मणी यांचं. जन्म १९१८, केरळातल्या पीरमेडचा. नोकरी पुण्याच्या हवामान खात्यात. परदेशातून आणावी लागणारी हवामानाची उपकरणं इथे बनवायला लावणारी बाई. तुंब्याची वेधशाळा उभारायलाही त्याच आल्या होत्या. पुणेकरांनी शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीवरून जाताना एकदा तरी हे नाव आठवायला हवं. आपण 'सिमला ऑफिस' एवढंच म्हणतो आणि सिग्नल सुटला की पुढे जातो.

दुपारी विळिंजम. बंदरात होड्यांची दाटी आणि माशांचा वास कपड्यांत बसणारा. सुतासारख्या बारीक नायलॉनचं जाळं दोघं जण पायाच्या अंगठ्यात ताणून दुरुस्त करत होते. एकाला कामचलाऊ हिंदी येत होतं, तो काही वर्षं रत्नागिरीकडे ट्रॉलरवर होता. आम्ही तिकडेच निघालोय म्हटल्यावर त्याने मिरकरवाड्याची चौकशी केली, अगदी माहेरची करावी तशी. परवा मध्यरात्रीपासून इथे ट्रॉलरना बंदी लागते, ३१ जुलैपर्यंत. लहान होड्यांना सूट असते, आणि गंमत म्हणजे विळिंजमचा खरा हंगाम पावसाळ्यातच असतो, कारण बंदराला आडोसा चांगला आहे.

"पाऊस कधी?" दादाने विचारलं.

त्याने खिशातून फोन काढून दाखवला. २०१७ च्या ओखी वादळात याच किनाऱ्यावरची पुष्कळ माणसं समुद्रात गेली. तेव्हापासून आकाश बघतोच, पण फोनही बघतो, असं त्याचं म्हणणं. फोनवर अरबी समुद्राच्या मध्यावर एक गरगरता भोवरा होता आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून निघालेल्या रेषा त्या भोवऱ्यात वळत होत्या.

त्या रेषांची कथा खरं तर खूप दक्षिणेला सुरू होते. मादागास्करच्या पूर्वेला मस्कारीन बेटं आहेत. तिकडे जूनमध्ये हिवाळा असतो आणि बेटांच्या दक्षिणेला जास्त दाबाचं मोठं क्षेत्र तयार होतं. तिथून निघालेली हवा आग्नेयेकडून विषुववृत्ताकडे येते. वाटेत केनिया आणि इथिओपियाचे डोंगर भिंतीसारखे आडवे. त्यामुळे ती पश्चिमेला पसरू शकत नाही, किनाऱ्याने दाबून उत्तरेला चढते. विषुववृत्त ओलांडल्यावर पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळते आणि सोमालियाच्या किनाऱ्यावरून थेट आपल्याकडे सुटते. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटरवर या वाऱ्याचा वेग सर्वाधिक असतो. १९६९ मध्ये जॉन फाइंडलेटर या ब्रिटिश हवामानतज्ज्ञाने त्याचं चित्र नीट मांडलं, म्हणून त्याचंही नाव त्या वाऱ्याला चिकटलं.

दादाने हा वारा अंगावर घेतलाय. जुलैत सोकोत्रा बेटाच्या आसपास बोट इतकी हलायची, की इंजिन रूममध्ये स्पॅनरसुद्धा बांधून ठेवावा लागे. "आणि पाणी थंड! विषुववृत्ताच्या एवढं जवळ आणि पाण्याचं तापमान वीसच्या आसपास. कधी त्याच्याही खाली." वारा किनाऱ्याला समांतर वाहताना वरचं पाणी बाजूला लोटतो आणि तळाचं गार पाणी वर येतं. म्हणजे मान्सून स्वतःच अरबी समुद्र गार करत जातो. मेअखेरीला केरळसमोरचं पाणी तीस अंशांच्या वर गेलेलं असतं, तेच पुढे दोन महिन्यांत उतरतं. समुद्राचं तापमान साधारण २८ अंशांच्या वर असेल तरच त्यावर उंच ढग भरघोस वाढतात, हे १९८४ साली सुलोचना गाडगीळ, पी. व्ही. जोसेफ आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं.

८ जून, गुरुवार. तिरुवनंतपुरम

आज मृग लागला. आईचा सकाळी सातलाच फोन आला, "तिकडे पडला का? इकडे नाव नाही."

तिकडे पडत होता. पहाटे जाग आली ती आवाजाने. खिडकीबाहेर गडगडाट नाही, वीज नाही, नुसती एकसुरी सर. पुण्यात मे महिन्यात वळीव येतो तो दुपारभर तापून, धूळ उडवत, कडाडत, अर्ध्या तासात सगळं उरकून निघून जातो. हा तसा नव्हता. ढग खूप खाली होते, उंच इमारतींच्या गच्च्यांना टेकल्यासारखे, आणि सगळे एकाच दिशेने पळत होते. सर थांबली तरी वारा थांबत नव्हता. मला फरक जाणवला तो तिथे. वळवाचा वारा पावसाबरोबर येतो आणि पावसाबरोबर जातो.

दुपारी खात्याने जाहीर केलं : मान्सून केरळात दाखल. सरासरी तारीख १ जून, म्हणजे आठवडाभर उशीर. हा काही विक्रम नव्हे. सर्वांत लवकर तो ११ मे १९१८ ला आला होता आणि सर्वांत उशिरा १८ जून १९७२ ला. बहात्तर म्हटलं की मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांचा चेहरा अजून बदलतो.

पण 'दाखल झाला' हे ठरवतं कोण आणि कशावरून? पाऊस तर काल आणि परवाही शिंतडला होता. दादाला ते निकष तोंडपाठ आहेत आणि त्याने ते चहाच्या टपरीवर, कोसळत्या पावसात, बोटं मोडत सांगितले. केरळ, लक्षद्वीप आणि मंगळुरू मिळून चौदा ठरलेली केंद्रं. १० मे नंतर त्यांतल्या किमान साठ टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला पाहिजे. एवढं तर चांगल्या वळवानेही होईल. म्हणून पुढच्या दोन अटी. पश्चिमेचे वारे ६०० हेक्टोपास्कल दाबाच्या थरापर्यंत, म्हणजे जमिनीपासून चार-सव्वाचार किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचलेले हवेत, आणि खालच्या थरात त्यांचा वेग पंधरा ते वीस नॉट, म्हणजे ताशी साधारण अठ्ठावीस ते सदतीस किलोमीटर हवा. शिवाय उपग्रहाने मोजलेलं, पृथ्वीवरून अवकाशात जाणारं उष्णतेचं उत्सर्जन दर चौरस मीटरला २०० वॉटच्या खाली हवं. उंच ढगांचे माथे थंड असतात, त्यांतून उष्णता कमी बाहेर पडते, म्हणजे हा आकडा खरोखरचे उंच आणि विस्तीर्ण ढग आहेत याचा पुरावा.

माझ्या डोक्यात बसली ती वाऱ्याची जाडी. मेमध्येही समुद्रावरून वारा येतोच, पण तो पातळ असतो. किलोमीटरभर उंचीपर्यंत ओल, आणि त्यावर कोरडी हवा. ढग वर चढू लागला की त्या कोरड्या हवेत विरून जातो. एखादा जोरदार निघाला तर वर घुसतो, त्याचा वळीव होतो. मान्सून आला याचा अर्थ चार किलोमीटर जाडीचा ओला वारा आता रात्रंदिवस वाहणार. त्यातलं एक किलो बाष्प पाण्यात बदलताना सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता सुटते. ती उष्णता हवा आणखी वर ढकलते, खाली दाब आणखी उतरतो, आणखी वारा आत ओढला जातो. म्हणून हे सगळं हळूहळू न होता चार-पाच दिवसांत उसळून येतं.

संध्याकाळी आणखी एक बातमी. अमेरिकी हवामान संस्थेने एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं ते तापणं ज्याने आपला पाऊस बहुधा घटतो, सुरू झाल्याचं आज जाहीर केलं. दादा म्हणाला, "सगळे आजच."

९ जून, शुक्रवार. नेत्रावती एक्स्प्रेस

चौदा केंद्रांपैकी दहा या गाडीच्या वाटेवर आहेत. तिरुवनंतपुरम, कोल्लम, आलप्पुळा, कोची, त्रिशूर, कोळिक्कोड, तलश्शेरी, कण्णूर, कासरगोड, मंगळुरू. उरलेली म्हणजे पुनलूर आणि कोट्टायम आत, आणि मिनिकॉय व अमिनी ही दोन लक्षद्वीपची बेटं. वेळ घालवायला आम्ही प्रत्येक ठिकाणी पाऊस आहे का हे वहीत टिपत गेलो. आलप्पुळ्याला होता. कोचीत नुकताच पडून गेलेला. त्रिशूरला फलाट कोरडा. कोळिक्कोडला पुन्हा. कण्णूरला अंधार पडला आणि खेळ संपला. सलग पडदा कुठेच नव्हता. बातम्यांत नकाशावर रेघ मारून 'मान्सून इथवर पोहोचला' दाखवतात, तेव्हा ढगांची एक भिंत पुढे पुढे सरकते आहे असं डोळ्यांपुढे येतं. रुळांवरून पाहिलं तर ठिपके ठिपके दिसतात.

समोरच्या बाकावर मंगळुरूला चाललेली एक विद्यार्थिनी होती. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. दादाने तिला विचारलं, मान्सून का येतो? तिने पुस्तकातलं उत्तर दिलं : उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, कमी दाब तयार होतो, समुद्रावरून वारे येतात. आपल्याकडेही मोसमी वारे म्हणजे फार मोठे खारे वारे असंच शिकवतात. ही कल्पना एडमंड हॅलीची, तोच धूमकेतूवाला, १६८६ मधली. तीनशे वर्षांहून जास्त टिकली आहे, म्हणजे तिच्यात दम आहे.

"मग सांग," दादा म्हणाला, "जमीन सर्वांत जास्त कधी तापते?"

"मेमध्ये."

"आणि पाऊस जुलैत. दुष्काळाच्या वर्षी जमीन जास्त तापते की कमी?"

ती थांबली. दुष्काळात जमीन जास्तच तापते, आणि तरी पाऊस येत नाही. हा मुद्दा सुलोचना गाडगीळांनी ठासून मांडला आहे. त्यांच्या मते विषुववृत्ताजवळ दोन्हीकडचे वारे जिथे एकत्र येऊन वर चढतात तो ढगांचा पट्टा सूर्याबरोबर उत्तरेला सरकतो, आणि भारतावर तो जमिनीवर चढून येतो. तोच आपला मान्सून. जमीन तापणं लागतंच, पण राजस्थान-सिंधवरचा उन्हाळी कमी दाब उथळ असतो. त्याच्या वर कोरडी हवा खाली बसत असते, आणि हवा खाली बसत असेल तिथे ढग काय करणार?

मुलीने हे वहीत लिहून घेतलं आणि मग विचारलं, "परीक्षेत काय लिहू?"

"हॅली लिही," दादाने सांगितलं.

१० जून, शनिवार. रत्नागिरी

आजपासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक. दरडी आणि पाण्याच्या भीतीने गाड्या हळू चालवतात, म्हणून ऑक्टोबरअखेरपर्यंत वेळा वेगळ्या. पाऊस मात्र कारवार सोडल्यावर आम्हांला लागलाच नाही. मडगावला ढग, रत्नागिरीला घामाच्या धारा.

भाट्याला मावसबहिणीकडे उतरलो. आगोटीची सगळी तयारी झालेली. लाकूडफाटा पडवीत रचलेला, सुकी मासळी डब्यांत, आमसुलं बरण्यांत, फणसाची साटं पत्र्याच्या पेटीत. घर शाकारून झालं होतं. पण ताई अंगणात नव्हती, ती शेतात कळशीने पाणी घालत होती. पंधरा दिवसांपूर्वी एक जोरकस सर पडली, त्या भरवशावर तिने धूळवाफ्यावर भात पेरला. तरवा चार बोटं वर आला आणि आता पिवळा पडत चाललाय. विहिरीत पाणी गुडघाभर.

तिच्या सासूबाई ओट्यावर बसून सगळं बघत होत्या. "मी म्हटलं होतं हिला. शिडकावा झाला म्हणजे पावसाळा नाही हो. वारा बसायला लागतो. अजून दुपारचा येतो नि रात्री पडतो, तोवर काही खरं नाही."

दादा माझ्याकडे बघून हसला. दिवसा खारा वारा, रात्री मतलई, हा रोजचा खेळ जोवर चालू आहे तोवर मोठा वारा आलेला नाही. मोठा वारा आला की रात्र आणि दिवस यांत फरक राहत नाही. तिरुवनंतपुरमला परवा मला जे जाणवलं होतं तेच. केंद्रं, नॉट, हेक्टोपास्कल यांपैकी एकही शब्द न वापरता आजींनी खात्याच्या निकषातला अर्धा भाग सांगून टाकला.

११ जून, रविवार. रत्नागिरी

मान्सून रत्नागिरीपर्यंत आला असं आज खात्याने जाहीर केलं. सकाळी दोन सरी झाल्या. दुपारी ऊन.

समुद्र मात्र बेफाम. मासेमारी १ जूनपासूनच बंद, मिरकरवाड्यात होड्या एकमेकींना खेटून बांधलेल्या. मिऱ्याच्या बाजूला लाटा दगडांच्या बंधाऱ्यावर आदळून पलीकडे पाणी फेकत होत्या. विचित्र म्हणजे किनाऱ्यावर वारा बेताचाच होता. या लाटा इथल्या वाऱ्याच्या नव्हत्याच. शेकडो किलोमीटरवर बिपरजॉय घोंघावत होता, त्याने उठवलेलं पाणी इथवर येत होतं. दादाने घड्याळ लावून दोन लाटांमधलं अंतर मोजलं. बारा-तेरा सेकंद. इथल्या वाऱ्याच्या लाटा यापेक्षा पुष्कळ लवकर लवकर येतात, अंतर लांबलं की वादळ दूर आहे असं समजायचं.

याच वादळाने आधी मदत केली होती. भोवऱ्याच्या दक्षिणेला वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यांनी केरळकडे ओल ओढली आणि ८ तारखेला निकष पुरे झाले. पण मग ते किनाऱ्यापासून दूर राहत उत्तरेला निघालं आणि सोमालियाकडून येणारा प्रवाह आपल्याभोवती गुंडाळून घेऊ लागलं. पंगतीत एखाद्याने वाढप्याच्या हातातलं पातेलंच आपल्या पानाशी ओढून ठेवावं, तसा प्रकार. पश्चिम किनाऱ्याला लागून कमी दाबाचा जो लांबट पट्टा मान्सूनमध्ये तयार होतो, ज्याच्यामुळे कोकणात दिवसचे दिवस झड लागते, तो बनायला वारा उरलाच नाही. रेघ रत्नागिरीला येऊन टेकली खरी, पण तिच्यामागे जाडी नव्हती.

संध्याकाळी आजींनी विचारलं, "रेडिओवर आला म्हणतात ना?"

"आला म्हणतात."

"बरं," त्या म्हणाल्या आणि ताईला हाक मारून सांगितलं, "कळशी आत नको नेऊ."

१२ जून, सोमवार. रत्नागिरी

काही नाही. उकाडा. तरव्याला पाणी घातलं, माझेही हात कामाला आले.

१३ जून, मंगळवार. आंबा घाट

कोल्हापूरच्या एसटीत खिडकी मिळाली. साखरप्यानंतर चढ सुरू झाला आणि वळणावळणाला हवा बदलत गेली. घाटाच्या पायथ्याशी निळं आकाश, अर्ध्यावर धुक्याचे तुकडे, आणि माथ्यावर काच ओली. पाऊस नव्हे, ढगच रस्त्यावर उतरलेला. ड्रायव्हरने दिवे लावले.

एवढ्या मरतुकड्या वाऱ्यातूनही सह्याद्री काहीतरी पिळून काढतो, हे समोर दिसत होतं. समुद्रावरची दमट हवा कड्याला आपटून सातशे-आठशे मीटर वर चढते. चढताना दर किलोमीटरला साधारण दहा अंशांनी गार होते, बाष्प थिजू लागलं की त्याची उष्णता सुटून हा वेग कमी होतो. जाड वारा असेल तेव्हा हेच यंत्र आंबोलीला वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस देतं. माथा ओलांडला की हवा उतरायला लागते, तापते, आणि ढग विरतो. मलकापूरपर्यंत येईतो काच कोरडी झाली. कोल्हापूरच्या स्टँडवर लोक रुमालाने वारा घेत होते. पुण्याला तर वर्षभरात साताठशे मिलिमीटर मिळतो, आंबोलीच्या दहाव्या हिश्शाएवढा.

बसमध्ये दादाशी वाद झाला. मी म्हटलं, सह्याद्री एवढं करतो तर हिमालय नि तिबेट किती करत असेल. तिबेटचं पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच, हवेच्या मधल्या थराला ते थेट तापवतं, म्हणून मान्सून, हे पूर्वीपासून मानलं जातं. दादाने २०१० मधलं बूस आणि क्वांग यांचं काम काढलं. त्यांनी संगणकावर पठार सपाट केलं आणि हिमालयाची नुसती भिंत ठेवली, तरी भारतावरचा मान्सून जवळपास तसाच राहिला. त्यांच्या मते हिमालय उत्तरेची थंड, कोरडी हवा अडवतो, हेच मोठं काम. मग आपल्याकडची गरम आणि दमट हवा कुणी न विटाळता साठत जाते. दुसऱ्या बाजूचे शास्त्रज्ञ हिमालयाच्या उतारांचं तापणंही महत्त्वाचं आहे असं म्हणतात. वाद मिटलेला नाही. मनातून मलाही दादाची, म्हणजे भिंतीची बाजू जास्त पटते. पण कराडच्या पुढे दादा झोपला, म्हणून मी जिंकले असं धरते.

१४ जून, बुधवार. दिवे घाट

घरी येऊन पाठ टेकली आणि सकाळी दादाने उठवलं. माउलींची पालखी आज पुण्याहून सासवडला. हडपसरला गाडी ठेवून आम्ही घाटात चालत चढलो.

दिवे घाटातली वारी म्हणजे हिरवा डोंगर, भुरभुर पाऊस, प्लास्टिकचे कागद पांघरलेल्या दिंड्या, असं चित्र दरवर्षी वर्तमानपत्रात येतं. यंदा डोंगर तांबूस-पिवळा होता. टाळांचा आवाज तसाच, पण माणसं घामाने निथळत होती. टँकरच्या नळाखाली डोकं धरायला रांग. डांबर तापून मऊ झालेलं, एका आजीबाईंच्या चपलेला चिकटून तिचा अंगठा तुटला आणि त्यांनी ती तिथेच कडेला ठेवून अनवाणी चाल सुरू केली.

माथ्यावर परभणीकडचे एक वारकरी शेजारी टेकले. कापूस आणि सोयाबीन, सहा एकर.

"पेरणी करून आलात का, माउली?"

"कशाची? दरसाल पेरून निघतो. यंदा रान तसंच टाकून आलो. बी घरात हाय."

"बरं केलंत. एक-दोन सरींवर पेरलं असतं तर..."

"आमच्या शेजाऱ्यानं पेरलं ना. मिरग निघाला म्हून." त्यांनी हाताने जमीन सपाट केल्यासारखी खूण केली.

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. सांगणं सोपं आहे. उशीर झाला तर सोयाबीनचा उतारा घटतो, घाई केली तर बियाणं जातं, आणि दुबार पेरणीला पुन्हा कर्ज कोण देणार? मृग, आर्द्रा हे सूर्याचे मुक्काम, त्यांच्या तारखा हलत नाहीत. वारा कधी जाड होईल ते सूर्याच्या तारखेवर ठरत नाही. ते मस्कारीनवर, अरबी समुद्रावर, तिबेटवर आणि यंदा एका वादळावर ठरतंय, आणि त्याचा हिशेब परभणीतल्या माणसाने ओंजळभर बियाण्यावर करायचा, हे मला फार अन्यायाचं वाटतं. त्यांना तसं वाटत नव्हतं. "पंढरपूरला पोचेस्तोवर येतोय," म्हणाले आणि दिंडीत मिसळले.

२५ जून, रविवार. पुणे

वहीत एवढी एक भर. बिपरजॉय १५ तारखेच्या रात्री कच्छमध्ये जखाऊजवळ जमिनीवर चढलं आणि राजस्थानवर विरलं. त्यानंतरही रेघ आठवडाभर कोकणातच अडकलेली. मग बंगालच्या उपसागराकडून कमी दाबाचं क्षेत्र आत यायला लागलं, दोन्हीकडचे वारे एकदम भरले, आणि आज मुंबई आणि दिल्ली या दोन्ही ठिकाणी मान्सून एकाच दिवशी पोहोचला. असं यापूर्वी २१ जून १९६१ ला झालं होतं. एरवी दिल्लीला मुंबईनंतर दोन आठवडे तरी लागतात. रत्नागिरी ते मुंबई हे साडेतीनशे किलोमीटर मात्र त्याने दोन आठवड्यांत कापले.

पुण्यात कालपासून संततधार आहे. दुपारी ताईचा फोन आला. निम्मा तरवा जगला, निम्मा तिने पुन्हा टाकलाय. म्हणजे लावणीला जुलैचा मध्य उजाडणार, आणि तेव्हा सगळ्यांचीच लावणी एकदम निघणार, म्हणून ती आत्तापासून माणसं सांगून ठेवते आहे. दादा जाईन म्हणतोय.